नाताळचा भोपळा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला धीराची बाई समजायला नको. पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढते. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले मी. तिथं रस्त्यावर दिवे, वेळेवर वाजणारा कंपनीचा भोंगा आणि भिंतीला भिंत लागून शेजार. भ्यायचं म्हटलं तरी सवड मिळत नसे. लग्न होऊन आले ती अंथुर्ण्याच्या वस्तीवर. इथं दार उघडलं की समोर ऊस, मागं ऊस आणि मधे आमचं घर. पहिल्या वर्षी मी संध्याकाळ झाली की आतून कडी लावून बसायचे. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, त्याचं फार हसू यायचं. "आगं, ऊस काय तुला खातोय व्हय?" असं त्या बाहेरून विचारायच्या आणि कडी वाजवायच्या.

मी ख्रिस्ती घरातली आणि हे घर एके काळी मेंढरं राखणारं, बिरोबाला मानणारं. लग्नाच्या वेळी दोन्हीकडं बरीच आदळआपट झाली. ती आता सांगत बसत नाही, कारण ज्यांनी आदळआपट केली तेच आज एकमेकांना करंज्या पाठवतात. मुद्दा एवढाच की माझ्याबरोबर या घरात नाताळ आला आणि नाताळबरोबर आमच्या पप्पांचं नाटक आलं.

पप्पा कंपनीत टर्नर होते. दर नाताळला ते क्वार्टरच्या अंगणात घरातल्याच माणसांना घेऊन एक नाटक बसवायचे. त्यात नवीन गोष्ट कधीच नसायची. लहान मुलांची जुनीच एखादी गोष्ट घ्यायची आणि तिला वळवून वळवून गोठ्यात जन्मलेल्या बाळापर्यंत नेऊन सोडायचं, ही त्यांची खोड. कासव आणि ससा शर्यत लावून बाळाला बघायला निघायचे. तहानलेला कावळा बाळाच्या आईला पाणी आणून द्यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या पप्पांच्या हातात गोष्ट दिली की ती बेथलेहेमलाच उतरते.

माझी मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी तिनं हट्ट धरला की नाटक आपल्या वस्तीवर करायचं आणि म्हातारी मीच होणार. लेकीकडं निघालेली म्हातारी, वाटेत तिला खायला टपलेली जनावरं आणि तिला परत घेऊन येणारा भोपळा, ही गोष्ट मराठी मुलाला वेगळी सांगावी लागत नाही. पप्पांनी ती लगेच वळवली. त्यांची म्हातारी लेकीकडं न जाता गोठ्यातल्या बाळाला बघायला निघते. वाटेत बिबट्या आडवा येतो. म्हातारी म्हणते, आधी बाळाला बघून येते, मग खा. परत येताना ती भोपळ्यात बसते, बिबट्या भोपळा अडवतो, आतून म्हातारी त्याला बाळाचं असं काही वर्णन करून सांगते की तोही खायचं विसरून बाळ बघायला निघतो.

वाघाच्या जागी बिबट्या घातला तो माझ्या दिरानं. त्याला वाटलं, हसतील लोक. मला काही हसू आलं नाही, कारण त्या वर्षी खरा बिबट्या आला होता.

कोऱ्हाळ्याला नणंदेच्या वस्तीवरून त्यानं अंगणातलं कुत्रं उचललं. मग आमच्याच शिवारात एकाची कालवड गेली. विहिरीच्या कडेला चिखलात ठसे उमटले आणि सगळा गाव मोबाईल घेऊन ठशांचे फोटो काढायला गेला. फॉरेस्टची माणसं येऊन सांगून गेली की अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, वाकून बसू नका आणि दिसलंच तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागं ते लागतं. त्यातून शेजारच्या रानात ऊसतोड चालू झालेली. तिथला ऊस पडला की त्यातलं जे काही असेल ते आमच्या उसात येणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. मी मुलीला संडासलासुद्धा एकटी जाऊ देत नव्हते.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वस्तीवर दिवे लागल्यानंतर सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत. म्हणून साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं. "न्हाणीत जनावर निघालं" म्हणजे साप निघाला. गोठ्यातली म्हैसही जनावर आणि न्हाणीतला सापही जनावर, पण बोलण्याच्या रोखावरून माणसाला कळतं. मलाही पुढं पुढं कळायला लागलं होतं. त्या वर्षी मात्र बिबट्याचंही नाव कुणाला घेववेना. "काल जनावर वड्याला दिसलं," "जनावर त्यांच्या रानात हाय म्हनं," असं चालायचं. दोन महिने हा शब्द ऐकला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तेच यायचं, ठिपक्यांचं.

नाटक वालचंदनगरलाच करू, क्वार्टरमध्ये, असं मी सगळ्यांना सांगून पाहिलं. आमचे हे म्हणाले, "एवढा पसारा कुठं न्यायचा? चार लाईटी लावू, धा माणसं असत्याल, जनावर काय वेडं हाय का यायला?" आत्या म्हणाल्या, "तुझा सण हाय. भ्या वाटतंय म्हनून सण सोडत्यात व्हय?" मुलीनं तर भोकाडच पसरलं. सगळ्यांपुढं माझं काही चाललं नाही.

भोपळा ह्यांनीच केला. कोंबड्या झाकायचं मोठं डालगं असतं ना, बांबूच्या कांब्यांचं, ते उपडं घातलं. वरून पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, बांधून त्याला गोल आकार आणला, त्यावर माझी एक जुनी नारिंगी साडी गुंडाळली आणि हिरवं देठ खोवलं. मुलीनं खाली उकिडवं बसायचं, वरून डालगं ठेवायचं, तिनं आतून कांब्या धरून बदकासारखं पुढं सरकायचं. दिसायला खरंच भोपळा. तयार झाल्यावर तो गोठ्याच्या कडेला पाचटाच्या ढिगावर ठेवून दिला आणि नाताळच्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावला नाही.

नाताळच्या संध्याकाळी पप्पा स्कूटरवरून आले. मागं आईनं दिलेला केकचा डबा आणि हार्मोनियम बांधलेली. दिवाळीच्या आकाशकंदिलाला पाच कोन चिकटवून तारा केला होता, तो ओट्यावर टांगला. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं आली. बायका ओट्यावर, पुरुष पायऱ्यांवर, आत्या सगळ्यांच्या पुढं जमिनीवर पोतं टाकून. अंगणात नाटक आणि अंगणाच्या पलीकडं ऊस. लाईटचा उजेड उसाच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचत होता. पुढं काळं. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते. नाटक बघत नव्हतेच, त्या काळ्याकडं बघत होते.

नाटक मात्र छान रंगलं होतं. मुलगी काठी टेकत, कंबर वाकवून आली तेव्हाच लोक हसायला लागले. दीर घोंगडी पांघरून आणि तिच्यावर चुन्याचे ठिपके काढून रांगत आला. मुलगी त्याला कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आदी बाळ बघून येऊ दे, मग खा, म्या काय पळून जातेय का?" हे पप्पांनी लिहिलेलं नव्हतं, तिनं स्वतःचं घातलं होतं. ती गोठ्यात गेली, गव्हाणीतल्या बाहुलीला नमस्कार केला. मग ह्यांनी भोपळा आणला. मुलगी खाली बसली, ह्यांनी वरून अलगद ठेवला आणि भोपळा अंगणाच्या मधोमध सरकत आला. पप्पांनी हार्मोनियमवर बोटं धरली. दीर गुरगुरत समोर बसला.

आतून काही बोलणं आलं नाही. पप्पांनी सूर पुन्हा वाजवला. मला वाटलं, विसरली.

तेव्हा आत्या म्हणाल्या, "जनावर."

त्या ओरडल्या नाहीत. हळूच, दुसऱ्याला सांगावं तसं म्हणाल्या. मग बोट केलं आणि पुन्हा म्हणाल्या, "आरं, जनावर हाय."

त्यांचं बोट भोपळ्याकडं होतं. भोपळ्याच्या मागं ऊस होता. आम्ही सगळ्यांनी उसाकडं पाहिलं.

मग जे झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. बायका मुलांना आत ओढायला लागल्या. कुणी ताट बडवायला लागलं. पुरुष काठ्या, कोयते, जे हाताला लागेल ते घेऊन उसाच्या तोंडाशी धावले. हे त्यांच्यात होते. दीर घोंगडी टाकून तिकडंच पळाला. आणि त्या सगळ्यात माझी पोर अंगणाच्या मधोमध, उसाच्या सगळ्यात जवळ. तिला उचलून पळावं असं वाटलं आणि त्याच वेळी आठवलं, पळणाऱ्याच्या मागं लागतं. मग तिला न उचलता मी जाऊन भोपळ्यावरच पडले. दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली, सगळा भार त्याच्यावर टाकला, जमिनीत दाबून धरला. आत ती आहे आणि वर मी आहे, आता त्यानं आधी मला खावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी पाचटाला तोंड लावून तिला सांगितलं, "आतच बस. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. कळलं का?"

आतून काही उत्तर आलं नाही. शहाणी पोर, असं मला वाटलं.

आत्या माझ्याजवळ आल्या आणि माझा दंड धरून ओढायला लागल्या. "ऊठ. उचल ते. पोरीला काड आदी." मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. बिबट्या समोर आणि ही म्हणतेय पोरीला बाहेर काढ. मी त्यांचा हात झिडकारला. "आत्या, तुम्ही घरात जा." त्यांनी पुन्हा ओढलं. "आगं, जनावर हाय, जनावर." "माहीत आहे मला," असं मी चांगली खेकसले. मी भोपळा आणखी घट्ट दाबला. त्या माझ्यापेक्षा अंगानं निम्म्या. त्यांना मला हलवता येईना.

तेव्हा त्या गुडघ्यांवर बसल्या, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाल्या, "साप. साप हाय आत. शेपूट बगितलं म्या."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या आधी कधी ऐकला नव्हता. दिवसासुद्धा नाही.

मी ज्याला कवटाळून बसले होते त्याच्यातच ते होतं. पाचटाचा, कांब्यांचा, साडीचा सगळा भार मी तिच्यावर आणि त्याच्यावर दाबून धरला होता. हात सोडावा तर डालगं हलेल. धरून ठेवावं तर आत काय चाललंय ते कळेना. मी तशीच राहिले. आता मला आतला एक आवाज ऐकू येत होता, लांब श्वास सोडल्यासारखा, थांबून थांबून. इतका वेळ ताटांच्या गोंगाटात तो ऐकूच आला नव्हता.

आत्यांनी ह्यांना हाक मारली. हे आले, दीर आला. आत्यांनी दोघांना दोन बाजूंनी बसवलं आणि सांगितलं की वाकडं करू नका, सरळ वर घ्या. पप्पा एव्हाना मागं येऊन उभे होते आणि काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक प्रार्थना. दीर माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, हात काढा आता." मला हात काढता येईना. बोटं कांब्यांत अडकल्यासारखी झाली होती. ह्यांनी ती एकेक करून सोडवली.

डालगं वर गेलं. मुलगी गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसली होती, डोक्यावर म्हातारीचा पदर. तिच्या पायाशी घोणस, वेटोळं घालून, फुगलेली. आत्यांनी दिराची घोंगडी घोणसीवर टाकली आणि त्याच क्षणी ह्यांनी मुलीला बगलेत धरून मागं उडी मारली. पुढचं मी पाहिलं नाही. नंतर कळलं की गावातला सर्पमित्र आला आणि त्यानं ती बरणीत घालून नेली. भोपळा ढिगावर होता तेव्हाच ती त्याच्या पाचटात शिरून बसली असणार, असं तो म्हणाला.

मी मुलीला घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती. पोटरीवर एक लाल ओरखडा होता, थोडं रक्त आलेलं. कांबीचा की कशाचा, कुणाला सांगता येईना. "चावलं का गं? कुठं दुखतंय?" सगळे विचारत होते. ती बोलेना. मान हलवून हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसती माझ्याकडं बघत होती. दीर हळू आवाजात ह्यांना म्हणाला, "दादा, गाडी काड. इखारानं वाचा बसती." ते मला ऐकू गेलं.

बारामतीचा रस्ता एरवी काही लांब नाही. पण हंगाम चालू, पुढं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यावर कर्कश गाणी. हॉर्न दिला तरी त्यांना ऐकू जात नव्हता. हे गाडी चालवत होते, बाजूला पप्पा, मागं मी, मांडीवर ती आणि शेजारी आत्या. आत्यांनी तिचा पाय धरला होता आणि मोबाईलच्या उजेडात पोटरी सुजतेय का ते बघत होत्या. मी तिच्याशी बोलत होते. नाताळची गाणी म्हण म्हटलं, शाळेतल्या बाईंचं नाव सांग म्हटलं, नुसतं आई म्हण म्हटलं. ती काही बोलली नाही. बोट दाबलं तर बोट हलवेना. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते आणि मधेच मोजायचं विसरत होते. मला एवढंच वाटत होतं की हिची वाचा गेली, आता श्वास जाईल, आणि हा पुढचा ट्रॅक्टर बाजूला होणार नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता आठवत नाही. बिरोबालाही कबूल केलं, हे पप्पांना माहीत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ओरखडा धुतला, भिंग लावून पाहिला, रक्त काढलं आणि ते नळीत घालून गोठायला ठेवलं. गोठलं तर विष नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सुई टोचली तरी मुलगी हलली नाही, रडली नाही. सुईला घाबरून दवाखाना डोक्यावर घेणारी माझी पोर.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई नळी घेऊन आल्या. ती तिरकी करून दाखवली. रक्त गोठलं होतं. चावलेलं नाही, ओरखडा बांबूचाच आहे, तिला काही झालेलं नाही, त्या म्हणाल्या. ह्यांनी भिंतीला डोकं टेकलं. आत्या रडायला लागल्या.

"मग ही बोलत का नाही?" मी विचारलं. "हलत का नाही?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालाला हात लावला. "काय गं बाळा, का बोलत नाहीस?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी जवळ वाकले. तिनं ओठ न हलवता, माझ्या कानात, अगदी बारीक आवाजात विचारलं, "आई, आता बोलू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिला सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत. आणि मी सांगितलंच नव्हतं.

"बोल," मी म्हणाले. "बोल गं माझ्या राणी, हल, ओरड, काय वाटेल ते कर."

ती एकदम रडायला लागली आणि रडत रडत बोलायला लागली. तू मला दाबलंस तेव्हा ते माझ्या पायावर आलं, म्हणाली. गार होतं. आत कुकरसारखा आवाज येत होता. मला ओरडायचं होतं. मला बाहेर यायचं होतं. पण तू वरून म्हणालीस ना, हलायचं नाही, आवाज काढायचा नाही. म्हणून मी ओरडले नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडली असती, पाय हलवला असता तर चावलं असतं, आईनं सांगितलेलं ऐकलं म्हणून वाचली. घरी गेल्यावर सगळ्यांनी तेच म्हटलं, आजही म्हणतात. मी मान डोलावते. पण मला तसं ऐकू येत नाही. मला एवढंच ऐकू येतं की सापाचं अंग पायावर घेऊन माझी सात वर्षांची पोर बसली होती, तिला आई हवी होती, आई वरच होती, आणि आईनंच गप राहायला सांगितलं होतं.

आता ती पाचवीत आहे. मोठ्यानं बोलते, उलट बोलते, जेवताना भांडते, शाळेतून तक्रारी येतात. हे म्हणतात, "पोरगी लई तोंडाळ झालीया, जरा दटाव की तिला." मी दटावत नाही. तिला गप बस म्हणायला माझं तोंडच उघडत नाही.